डावीकडची वळणं

९ नोव्हेंबर, रविवार. करडी

आज आमच्या फाटकाचा डावा खांब गाडीला लागला. विनोद म्हणतो, गाडी खांबाला लागली. बापलेकात एवढाच फरक.

अडतीस वर्षं राइस मिलचा ट्रक चालवला. रायपूर, जबलपूर, थेट कलकत्त्यापर्यंत तांदूळ पोचवला, एक पोतं रस्त्यात सांडलं नाही. शाळा चौथीपर्यंतच. बाकीचं सारं, ही वही लिहिणंसुद्धा, रस्त्याच्या कडेला बसून शिकलो. आता सदुसष्टावं चालू आहे. ट्रक सुटला, एक जुनी पांढरी मारुती आहे, आणि गावात कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं की लोक आधी आमच्या दारात येतात. पावसाळ्यात धनीरामची सून शालू अडली होती, तिला भर पाण्यात तुमसरला नेली. तासाभरात पोरगा झाला.

पण विनोद आज ऐकायला तयार नव्हता. लाखनीला त्याचं टायरचं दुकान आहे, दिवसभर ठोकलेल्या गाड्या पाहतो, त्यामुळे त्याचं मन काळं झालं आहे असं मी समजतो.

"बाबा, चाबी द्या."

"कायले? एक खांब लागला तं चाबी?"

"आज खांब आहे. गावचे लोक बसतेत तुमच्या गाडीत. उद्या एखांदं लेकरू..." पुढचं बोलला नाही, पण मला ते पूर्ण ऐकू आलं.

त्याची आई कुंता मधे पडली तेव्हा तोड निघाली. लाखनीजवळ ट्रक टर्मिनलसाठी काँक्रीट टाकून सोडलेली मोठी जागा आहे. तिथं महिन्याच्या पहिल्या रविवारी नागपूरची हौशी मंडळी आपापल्या गाड्या घेऊन येतात आणि घड्याळ लावून फेरे मारतात. हवा भरायला विनोदच्याच दुकानात थांबतात. विनोद म्हणाला, "एक फेरा मिनिटाच्या आत मारून दाखवा. मार्चपर्यंत टाइम. झालं तं चाबी तुमची, मी तोंड उघडनार नाही. नाही झालं तं माझी. अन् तोवर गाडी काढाल तं आई सोबत पाहिजे."

मी म्हटलं, मार्च कशाला, डिसेंबरातच आटपतो.

७ डिसेंबर, रविवार

आटपलं नाही. अठ्ठ्याहत्तर, शहात्तर, चौऱ्याहत्तर सेकंद. नागपूरची एक कॉलेजातली पोरगी तिच्या आईची गाडी घेऊन आली होती, तिने पंचावन्नात फेरा मारला आणि वर मला भजी दिली.

जागा छान आहे. नारिंगी टोप्यांसारखे कोन मांडून रस्ता आखलेला, आठ वळणं, त्यातली सहा डावी. सारं पाहते ती राखी नावाची मुलगी, तिशीची असेल, बोलायला गोड आणि नजर हवालदाराची. पहिल्या फेऱ्याला ती माझ्या शेजारी बसली.

"काका, तुम्ही वळणाच्या आधी न्यूट्रल करून राहिले काय?"

"डिझेल वाचते."

"ही पेट्रोलची आहे ना पण."

"पेट्रोल तं महाग आहे बाई, आणखीनच वाचवावं."

ती खूप हसली. मग समजावून सांगितलं. गाडी न्यूट्रल केली की ती कोणाचीच राहत नाही. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. मग गिअर खाली, वळणाच्या आतल्या कोनाला खेटून जायचं, आणि बाहेर पडताना पाय दाबायचा. वेळ वळणात मिळत नाही, वळणातून निघताना मिळतो. मी प्रत्येक वळणाला हॉर्न देत होतो, तोही बंद करायला लावला. मागून गाडी आली तर खिडकीतून हात काढून पुढे जायला सांगत होतो, त्याचं मात्र तिने कौतुक केलं.

ती उतरली आणि मी एकटा फिरलो तेव्हा डावीकडचे सात कोन उडाले. उजवीकडचा एकही नाही. पोरं पळत जाऊन उचलून ठेवत होती. मला वाटतं डावीकडचे कोन त्यांनी आत सरकवले असतील.

११ डिसेंबर, गुरुवार

धान निघाल्याने बांधी मोकळी झाली आहे. कुंताच्या सहा टोपल्या पालथ्या घालून तिथं रस्ता आखला. न्यूट्रलची सवय दोन दिवसांत सुटली, ही मोठी गोष्ट. हात आपोआप जातो, त्याला दटावावं लागतं.

तीन टोपल्या चेपल्या. कुंता कमरेवर हात ठेवून म्हणाली, "डाव्या हाताच्याच टोपल्या कायले चेपता जी? उजवीवाल्यायनं काय पुण्य केलं?"

म्हटलं, ऊन त्या बाजूने येते.

ती आभाळाकडे पाहत राहिली. ढग होते.

२० डिसेंबर, शनिवार

आंधळगावच्या वासुदेवरावांना कुंतासोबत भंडाऱ्याला नेऊन आणलं. ते म्हणाले, ताराचंदभाऊ, तुमच्यासारखा हात जिल्ह्यात नाही. विनोदला हे फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आई बसली होती ना पुढं?" जसं काही तीच चालवत होती.

४ जानेवारी, रविवार

एकोणसाठ पॉइंट चार!

झालं असं. सकाळी एकट्याने चार फेरे मारले. एकाहत्तरच्या खाली येईना. राखीने शिकवलेलं सगळं करत होतो, तरी डावं वळण आलं की गाडी आपोआप बाहेर राहायची, कोनापासून हातभर नाही, चांगली पुरुषभर लांब. मी कंटाळून खाली उतरलो. तेव्हा कुंता म्हणाली, मला फिरवा एकदा, घरून इथवर आली ते काय नुसती धूळ खायला. इथं सोबत बसायला परवानगी आहे, फक्त हेल्मेट लागतं. तिने डोक्यावरच्या पदरावरच हेल्मेट चढवलं आणि बसली.

आणि गाडी वेगळीच पळाली. कुंता तिच्या सवयीने बोलत होती. "हं, येऊ द्या, येऊ द्या... अजून आहे जागा... घ्या आत... बस बस!" तिचा आवाज आला की माझे हात आपोआप वळत होते. दुसऱ्या फेऱ्याला एकोणसाठ पॉइंट चार. पोरांनी टाळ्या वाजवल्या. विनोदने सर्वांसमोर चाबी माझ्या खिशात टाकली. तोंड काही खुललं नव्हतं त्याचं, पण शब्द पाळला.

राखीने मात्र नंतर एक विचित्र गोष्ट केली. मला एकट्याला उलट्या दिशेने तीन फेरे मारायला लावले. उलट फिरलं की डावी वळणं उजवी होतात. बासष्ट आले, आणि एकही कोन पडला नाही. तिने ते कागदावर लिहून विनोदला दाखवलं आणि दोघं बराच वेळ टायरच्या ढिगापाशी बोलत राहिले. दुकानाचा काही व्यवहार असेल.

कुंता पायगुणाची आहे हे मी चाळीस वर्षं सांगतो आहे.

६ जानेवारी, मंगळवार

मन आनंदात हवं होतं, पण तो कागद डोक्यातून जात नाही. मिलचा हिशेब जुळला नाही की मी ज्या रीतीने बसायचो त्या रीतीने आज ओसरीत बसलो. एकटा, डावी वळणं: एकाहत्तर. एकटा, उजवी वळणं: बासष्ट. कुंतासोबत, डावी वळणं: एकोणसाठ.

गाडी तीच, हात तेच. पायगुण उजव्या वळणाला का लागत नाही?

मग धनीराम आठवला. अठरा वर्षं तो माझा किन्नर, म्हणजे ट्रकवरचा क्लीनर, होता. ट्रकच्या डाव्या दारात बसायचा. डावी बाजू ड्रायव्हरची नसतेच, ती किन्नरची. तो दारावर थाप मारणार, "जाऊ द्या उस्ताद" म्हणणार, आणि आपण काढणार. अडतीस वर्षांत मी डावीकडे पाहिलंच किती? आणि आता कुंता बसते तिथं, ती बोलते, मी वळतो.

म्हणजे सवयच ती, असं लिहून वही मिटणार होतो. पण उठून अंगणात गेलो आणि उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

अंगण गेलं. मिलमध्ये धान उकडताना वाफेचा लोट निघतो, त्या वाफेतून पाहावं तसं सारं. समोर कुंता धुणं वाळत घालत होती ते तिच्या बांगड्यांवरून कळलं.

हात काढला, सगळं जागेवर. पुन्हा ठेवला, पुन्हा वाफ. उजवा डोळा दोघांचं काम एकटाच उरकत होता आणि मालकाला कळू देत नव्हता.

कुंताने विचारलं, काय करून राहिले जी? म्हटलं, माशी आली.

९ जानेवारी, शुक्रवार

तीन दिवस कोणाला सांगितलं नाही. आमचे वडील शेवटची सहा वर्षं भिंतीला हात लावून चालले. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं तेव्हा मी शेजारी उभा होतो.

आज दुपारी शालू आली, कडेवर लेकरू तापाने फणफणलेलं. "मामाजी, तुमसरले घेऊन चला ना." कुंता वावरात गेली होती. चाबी माझ्या खिशात होती, जिंकलेली, हक्काची. खिशात हात घालून मी ती दाबून धरली.

"गाडी बिघडली बाई," म्हटलं. "मी ऑटोवाल्याले बोलावतो."

ऑटो येईपर्यंत पंधरा मिनिटं गेली. मी ते लेकरू खांद्यावर घेऊन रस्त्यावर फेऱ्या मारल्या. तिला वाटलं असेल, म्हातारा पेट्रोलला मोठा कंजूष आहे. वाटू दे.

संध्याकाळी लेकराचा ताप उतरल्याचा निरोप आला. मग कुंताला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "मले वाटेच. चहा कपात कमी अन् बशीत जास्ती वतत होते तुमी." आणि विनोदला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, राखीनं मले तवाच सांगतलं होतं. तुमी सोता पाहाल म्हणून थांबलो होतो. सोमवारी घ्यायले येतच होतो तुमाले, दवाखान्यात."

सोता पाहिलं, हे खरं.

१२ जानेवारी, सोमवार. भंडारा

डॉक्टर विनोदपेक्षाही लहान. यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, औषध टाकलं, पुन्हा पाहिलं. मी खुर्चीचे दांडे धरून बसलो होतो. राहवलं नाही, विचारलं, "काचबिंदू आहे ना?"

"कोण म्हणालं? मोतीबिंदू आहे, आजोबा. चांगला पिकलाय. दाब बरोबर आहे, आतला परदा छान आहे."

"दिसन परत?"

"दिसेल."

"डाव्यानं?"

"डाव्यानंच."

मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा विनोदने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याचा हात ओला होता. तो माझ्याहून जास्त घाबरला होता हे मला तेव्हा कळलं. बाहेर येऊन दोघांनी दोन दोन प्लेट तर्री पोहे खाल्ले. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं असं दोघांनीही एकमेकांना सांगितलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

काल ऑपरेशन झालं. वीस मिनिटं. ट्रकचा टायर बदलायला जास्त वेळ लागतो. आज पट्टी काढली.

कुंताचं लुगडं निळं आहे! डाव्या डोळ्याने निळं, उजव्याने जरा पिवळट. उजव्यातही थोडा आहे, तो पुढच्या वर्षी काढू म्हणाले. मी एकदा हा डोळा झाकून, एकदा तो झाकून तिला पाहत होतो, तर ती म्हणाली, "लोक पाहून राहिले, पुरे करा."

१४ फेब्रुवारी, शनिवार

सुख अंगी लागू नये असं काही असतं का कोण जाणे.

तीन आठवडे धूळ-पाण्यापासून जपायचं होतं. आज सूट मिळाली म्हणून गाडी धुवायला काढली. गाडी नेहमी ओसरीच्या भिंतीला डावी बाजू लावून उभी असते आणि ती धुवायचं काम कुंताकडे, त्यामुळे ती बाजू मी कितीतरी दिवसांत धड पाहिलीच नव्हती. विनोदने ढकलून बाहेर आणली. मी बादली घेऊन फिरून डावीकडे गेलो आणि बादली खाली ठेवली.

दारं नव्हती ती, पाटी होती पोरांनी रेघोट्या मारलेली. फाटकाचा हिरवा रंग. कुठल्यातरी भिंतीचा चुना. आणि मागच्या दारावर हातभर लांब लाल रंगाचा ओरखडा, आतला पत्रा दिसेल इतका.

"हा लाल कवाचा?"

कुंता म्हणाली, "मंडईपासून आहे. दुसऱ्या दिवशी पुसला, जात नव्हता. तुमी फाटकाच्या पायी आधीच उदास होते, मंग मी बोलली नाही."

आंधळगावच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, फाटक लागलं त्याच्या आदल्या दिवशी मी लोकांना सोडून एकटाच परत आलो होतो. रस्त्यावर गर्दी, पोरं, सायकली. मला काही लागल्याचं आठवत नाही. तेच तर. मला आठवणार कसं?

लाल रंग कशाचा असतो? सायकलचा असतो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

करडीत लाल सायकली चार. शाळेच्या आवारात जाऊन पाहिल्या. एकीचा मडगार्ड वाकलेला होता. मास्तर म्हणाले, तो पोरगा हातपंपावर स्वतःच आपटला, मी पाहिलं. तरी त्या पोराला बोलावून विचारलं. त्याने दोन्ही गुडघे दाखवले आणि गोळी मागितली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

एसटीने आंधळगावला गेलो. दवाखान्यात विचारलं, मंडईच्या दिवशी कोणी गाडीचा धक्का लागून आलं होतं का? नर्सबाईंनी रजिस्टर उघडायच्या आधी माझ्याकडे पाहिलं आणि पाणी दिलं. एक विंचवाचा, दोन जिलबीने पोट बिघडल्याचे. धक्क्याचा नाही. पण ज्याला लागतं तो दवाखान्यातच येतो असं थोडंच आहे?

विनोद म्हणतो, डॉक्टरांनी पहिल्या तारखेपासून गाडी चालवायला हो म्हटलं आहे. मी म्हटलं, हे कळल्याशिवाय मी त्या चाबीला हात लावणार नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

धनीराम सकाळीच आला. ओसरीत न बसता उभाच राहिला, टोपी हातात.

"उस्ताद, तुमी लाल रंग इचारून राहिले म्हणते गावात."

"हो. तुले का ठाऊक?"

"तो आमच्या बंडीचा होय."

बंडी म्हणजे त्याची बैलगाडी. मी उठून उभा राहिलो. तो म्हणाला, "मंडईसाठी बंडीले रंग देल्ला होता. तलावाच्या पाळीवर उभी केली होती, बैल सोडलेले, मी चाऱ्याच्या मागं. तुमी आले अन् चाक घासून निंगून गेले. मी हात बी दाखवला, डाव्या बाजूनं. तुमाले का दिसते!"

"बंडीत कोणी होतं?"

"चार पेंढ्या तनसीच्या."

"धनीराम, खरं सांग."

"शालूच्या पोराची आन. चार पेंढ्या."

"अन् चार महिने सांगतलं नाही भाड्या!"

"कोण सांगन जी तुमाले? माह्या सुनेले भर पाण्यात नेणारा माणूस तुमी. पोरायले सांगून ठेवलं होतं सगळ्यायनं, ताराचंदबाबाची गाडी आली का उजव्या हाताले व्हाचं. शाळेतली लेकरं बी ठरवून पलीकडं जात. तुमाले वाटे का मान देऊन राहिले."

खरंच तसं वाटत होतं. मी खिडकीतून हात करायचो.

मी धनीरामला धरून बसवलं, आणि मग माझंच बसणं झालं. रडलो की हसलो ते कुंताला विचारावं लागेल. गावाने चार लेकरं सांभाळावीत तसा मला सांभाळला, आणि ते चूक होतं, हेही मी त्याला सांगितलं. पुढच्या वेळी तोंडावर सांगायचं, चपलेने सांगायचं. तो म्हणाला, सांगू. चाकाच्या रंगाचं मी काय देऊ म्हटलं, तर म्हणाला चहा द्या.

दुपारी जेवलो आणि झोपलो. अकरा दिवसांनी.

१ मार्च, रविवार

एकटा फिरलो. चौसष्ट सेकंद. पाच फेरे, चौसष्टच्या खाली नाही, आणि कोन एकही पडला नाही, ना इकडचा ना तिकडचा. राखी म्हणाली, "काका, तुम्ही प्रत्येक डाव्या कोनाला रामराम करून राहिले काय? एवढं थांबून पाहता!" म्हटलं, बाई, पहिल्यांदाच भेट होत आहे.

विनोद घड्याळ घेऊन उभा होता. मी उतरून चाबी त्याच्यासमोर धरली. "जानेवारीतलं धरू नको. ते तुझ्या आईचं होतं. एकट्यानं मिनिटात झालं नाही."

"नाही झालं," तो म्हणाला. त्याने चाबीकडे पाहिलं, घेतली नाही. "दुकानात रात्री माल उतरवला, बाबा. लय थकलो. तुमी चालवा घरी."

आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसला.

लाखनीचे ट्रक मागे टाकून जंगलाच्या रस्त्याला लागलो. ब्रेक वळणाच्या आधी, गिअर खाली, न्यूट्रल नाही. पुढच्या वळणावर एक म्हैस दिसली, डावीकडे, बरीच आधी. मी विनोदला ती दाखवणार होतो. पाहिलं तर त्याची मान खिडकीला टेकलेली, तोंड अर्धं उघडं, घोरत होता.

करडी येईपर्यंत मी हॉर्न वाजवला नाही.